गॅरेजमधला पंख विकायची घाई नको, आधी धरायला जा

ओहायोतून एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. माहेर सांगलीचं, सासर साताऱ्याचं, शाहूपुरीतलं. यजमान तीन वर्षांपासून घरच्या गॅरेजमध्ये किटमधून ॲल्युमिनियमचं दोन आसनी विमान बांधताहेत, पत्रे रिवेटने, म्हणजे धातूच्या खिळीने, जोडत. मागच्या महिन्यात त्यांच्या चॅप्टरमधला, म्हणजे हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेच्या शाखेतला, एक मित्र स्वतः बांधलेल्या विमानाच्या अपघातात गेला. ताई लिहितात, "तेव्हापासून हे रोज रात्री गॅरेजमध्ये जातात, दिवा लावतात, स्टुलावर बसतात आणि तासाभराने दिवा घालवून परत येतात. एक रिवेट मारलेला नाही. मला ते सगळं विकून टाकायचंय. माझं चुकतंय का?"

पत्रात सासूबाई, दिवाळीची तिकिटं आणि लेकीचं मराठी असे आणखी तीन विषय आहेत. त्यांना शेवटी थोडी थोडी जागा देईन. आज गॅरेजचंच बोलायचंय.

चुकतंय, ताई. विकण्यात नाही, घाईत. घरातलं माणूस गेलं की आपण वर्ष होईपर्यंत मोठे निर्णय पुढे ढकलतो. मित्र गेला तरी तोच नियम लावा. अर्धवट किट आज काढलंत तर मातीमोल जाईल. आणि काढायची वेळ आलीच, तर बांधकामाची वही आणि फोटो जपून ठेवा. विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा हौसेखातर बांधला, हे एफएएला, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी विमान खात्याला, दाखवावं लागतं, आणि तुमच्या तीन वर्षांच्या कामाचा पुरावा त्या वहीतच आहे. इंजिन आणलं असेल तर त्याच्या प्लगांच्या जागी बसवलेल्या नळ्यांतले निळे खडे बघा. गुलाबी झाले असतील तर आत दमट हवा शिरतेय. ते वाळवून किंवा बदलून घ्या. शोक चालू असला म्हणून गंज थांबत नाही.

आता तुमच्या रागाकडे येते. तुम्ही लिहिलंय, "अंत्यविधीनंतर सगळे हँगरमध्ये जमले. त्याची बायको कोपऱ्यात बसली होती आणि ही मंडळी फ्युएल सिलेक्टर आणि फ्लॅपबद्दल बोलत होती. मला शिसारी आली." येणारच. पण ते बोलणं नीट ऐका. सिलेक्टर म्हणजे कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारी तोटी, फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची झडप. 'त्याचा सिलेक्टर कुठल्या बनावटीचा होता' असं विचारणारा माणूस खरं तर विचारतोय, 'माझाही तोच आहे का?' आपल्याकडे मर्तिकाला आलेली म्हातारी 'शेवटी काय खाल्लं होतं हो' म्हणून विचारते, तसलाच हा प्रकार. स्वतःच्या हाताने यंत्र बांधणाऱ्याला रडूसुद्धा यंत्राच्या भाषेतच येतं. फक्त दोन गोष्टी यजमानांना बजावून सांगा. हे बोलणं तिच्यासमोर नको आणि फेसबुकवर तर अजिबात नको. अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेचा, एनटीएसबीचा, प्राथमिक अहवाल काही आठवड्यांत येतो. त्यात काय घडलं तेवढंच असतं, कारण नसतं. अंतिम अहवालाला एक ते दोन वर्षं लागतात. तोवर ज्याने त्याने लावलेला तर्क त्या बाईच्या दारात जाऊन पडतो.

"हजार तास उडालेला माणूस, मग कसं झालं?" हा तुमचा प्रश्न. त्यांच्या बाबतीत काय झालं ते तपास सांगेल. एकूण चित्र मात्र जुनंच आहे. एनटीएसबीने २०१२ साली घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला. त्यात इंजिन बंद पडणं आणि हवेत ताबा सुटणं ही दोन कारणं वर आली. ताबा सुटण्याची नेहमीची जागा म्हणजे उतरण्याआधीचं शेवटचं वळण. धावपट्टीची रेघ चुकते, वैमानिक वळण आवळतो, विमान जास्त कलतं. सरळ उडताना ताशी ९० किलोमीटरला स्टॉल होणारं, म्हणजे पंखांची उचल संपून खाली पडणारं, विमान ४५ अंश कलवून उंची राखली तर १०७ ला आणि ६० अंशांत १२७ ला स्टॉल होतं. तेवढ्या उंचीवर सावरायला जागा नसते. हजार तासांच्या माणसालाही नसते. आणि ते हजार तास दुसऱ्याच विमानावरचे असतील, तर नव्या विमानात त्यांची पुण्याई फार पुरत नाही.

म्हणून माझं पालुपद: दुसरी नजर. या सदराचे जुने वाचक हसतील, हसू देत. माझे वडील साताऱ्यात स्कूटरच्या कारखान्यात होते. ज्याने नट आवळला त्याने तो तपासायचा नाही, हे ते घरी गॅसची नळी लावतानाही पाळायचे. नळी लावायचे ते, साबणाच्या पाण्याने गळती बघायची आईने. गॅरेजमध्ये एकटा बांधणारा माणूस हुशार असला तरी स्वतःची चूक त्याला दिसत नाही. डोळ्याला ती सवयीची झालेली असते.

आता रागवते. तीन वर्षांत तुम्ही गॅरेजमध्ये किती वेळा गेलात? फ्रीझरमधल्या पुरणपोळ्या काढायला गेलात ते सोडून. रिवेट मारायला माणसं दोन लागतात हे तुम्हाला माहीत आहे का? एकाने पुढून रिवेट गन धरायची, दुसऱ्याने मागून बकिंग बार. बार म्हणजे एक जड, गुळगुळीत लोखंडी ठोकळा. तो सरळ टेकवून घट्ट धरला की रिवेटचं मागचं डोकं तयार होतं. ३.२ मिलिमीटरच्या रिवेटचं डोकं साधारण ४.८ मिलिमीटर रुंद आणि १.६ मिलिमीटर उंच हवं. जास्त चेपलं तर तडकतं, कमी चेपलं तर पत्रा सैल राहतो, बार तिरका धरला तर डोकं एका बाजूला कलंडतं. मोजायचं गेज स्वस्तात मिळतं. आणि किंचित वाकडा रिवेट दिसला की लगेच ड्रिल घेऊन धावू देऊ नका. काढताना भोक मोठं झालं तर आधीपेक्षा जास्त नुकसान होतं. आमच्या जाऊबाईंनी मिशिगनमध्ये आख्ख्या पंखाचा बार धरला. त्यांना विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वाकडं डोकं दिरांच्या आधी त्यांना दिसायचं.

तेव्हा आज रात्री दिवा लागला की तुम्हीही जा. समजवायला नको. नुसतं विचारा, 'कुठला रिवेट राहिलाय?' उत्तर आलं नाही तर दुसरं स्टूल घेऊन बसा. पाच-सहा दिवस तसेच गेले तरी चालतील.

मग काय बघायचं ते सांगते. इंजिनिअर नसलात तरी हे सगळं दिसतं. आवळलेल्या प्रत्येक नटावर टॉर्क सीलची रंगीत रेघ हवी, नटावरून खालच्या धातूवर गेलेली. नट फिरला की रेघ तुटते. रेघच नसेल तर तो आवळायचा राहिलाय असं समजा. ज्या सांध्यात बोल्ट फिरतो तिथे नायलॉनचा सेल्फ-लॉकिंग नट चालत नाही, खाचांचा कॅसल नट हवा आणि त्यात कॉटर पिन, म्हणजे आरपार जाणारी तारेची खीळ, टोकं वाकवलेली. इंधनाच्या नळ्यांची टोकं ३७ अंशांत फुलवलेली असतात. मोटारच्या दुकानातलं फ्लेअरिंगचं हत्यार बहुधा ४५ अंशांचं असतं. ते वापरलं की सांधा वरून घट्ट दिसतो आणि पुढे पाझरतो. विमान चालवायच्या काठीचं बघताना 'मोकळी फिरतेय' म्हणून सोडू नका. काठी डावीकडे नेली की डाव्या पंखाचं एलेरॉन, म्हणजे टोकाकडची झडप, वर गेलं पाहिजे, मागे ओढली की शेपटीवरची झडप, एलेव्हेटर, वर. हे उलटं जोडलं गेल्यामुळे माणसं गेली आहेत, आणि काठी मोकळीच फिरत होती.

इंधनाच्या प्रवाहाची चाचणी तुमच्यासमोरच होऊ द्या. १८० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण ताकदीवर तासाला सुमारे ६२ लिटर पेट्रोल पितं. पंप असलेल्या विमानात त्याच्या सव्वापट, म्हणजे तासाला ७८ लिटर यायला हवं. विमान गॅरेजबाहेर काढायचं, जमिनीला तार जोडायची, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवायचा. नाक चढाईच्या कोनापेक्षा थोडं जास्तच वर उचलायचं, नळी इंजिनच्या टोकाला सोडवून पंप चालू करायचा. १० लिटरचा डबा साडेसात मिनिटांत भरला पाहिजे. दोन्ही टाक्यांवर वेगवेगळं करायचं, टाकीत तळाशी थोडंच पेट्रोल असताना. मोबाईलवर वेळ तुम्ही लावा. कमी भरलं तर गाळणी उघडून बघायची. टाकी बांधताना लावलेल्या सीलंटचे किंवा सांध्यावर गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपचे तुकडे तिथे येऊन अडकतात. दिरांच्या गाळणीत असला एक तुकडा सापडला होता, तोही दुसऱ्या चाचणीत.

बायकोची नजर पुरेशी आहे असं मी म्हणत नाही. घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना, एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, १९५३ पासून यासाठीच आहे. चॅप्टरमध्ये टेक्निकल काउन्सेलर असतात, ते येऊन बघतात, पैसे घेत नाहीत. पत्रा कायमचा बंद करण्याआधी त्यांना बोलवायचं, झाल्यावर नाही. पहिली चाचणी-उड्डाणं इंजिन आणि प्रोपेलरच्या जोडीप्रमाणे २५ किंवा ४० तासांची असत. आता तासांऐवजी ठरलेल्या कामांची यादी पुरी करूनही ती संपवता येतात. त्या काळात प्रवासी चालत नाही. पण २०१४ पासून अटी पाळल्या तर शेजारी दुसरा अनुभवी वैमानिक बसू शकतो. यजमान म्हणतील, 'माझं विमान, मीच एकटा.' इथे तुम्ही हट्ट धरा. त्याआधी त्याच जातीच्या विमानावर प्रशिक्षकाबरोबर काही तास झालेच पाहिजेत. विमा कंपन्या तसंही ते मागतात.

ते कुणाशी बोलायला जात नाहीत, हीही तुमची तक्रार आहे. यामागे बहुतेक वैमानिकांना असते ती भीती असणार, वैद्यकीय प्रमाणपत्र जाईल ही. अर्जात गेल्या ३ वर्षांतल्या डॉक्टर-समुपदेशकांच्या भेटी विचारतात हे खरं. पण भेट लिहिली म्हणजे प्रमाणपत्र गेलं असं होत नाही. लपवणं मात्र महागात पडतं. नवा अर्ज भरण्याआधी एव्हिएशन मेडिकल एक्झामिनरशी, म्हणजे वैमानिकांना प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरशी, नुसतं बोलून घ्या. आणि झोप लागत नसेल तितके दिवस कुठलंच विमान उडवायचं नाही, भाड्याचंही नाही.

मित्राच्या बायकोकडे जाताना फुलं नेऊ नका, ढीग पडला असेल. साधं वरण-भात-तूप न्या, कमी तिखट भाजी न्या, आणि डबा परत मागू नका. तिला एवढंच सांगा की लॉगबुकं, बांधकामाची वही आणि विमानाच्या स्क्रीनची मेमरी कार्डं तिने कुणालाही, अगदी जिवलग मित्रालाही देऊ नयेत. तपासनीस मागतील. हत्यारं न्यायला येणाऱ्यांना तुमच्या यजमानांनी दारातच थांबवावं आणि काय कुणाचं ते लिहून घ्यावं. विस्कॉन्सिनमध्ये ऑशकॉशला फर्गस चॅपलजवळ असोसिएशनची स्मृतिभिंत आहे. तिथे नाव लावण्याची विचारपूस चॅप्टरने करावी. तिच्यावर टाकू नका.

तुमच्या घरातला विमाही आत्ताच काढून वाचा. अमेरिकेतल्या आयुर्विम्यात हवाई उड्डाण वगळणारं कलम आहे का ते बघा. भारतातल्या जुन्या एलआयसी पॉलिसीच्या अपघात लाभातही स्वतः विमान चालवताना झालेला अपघात बहुधा बसत नाही.

आता सासूबाई. "त्यांना मी सांगितलंय की हे जुनी गाडी दुरुस्त करतात." तीन वर्षं? अहो, शाहूपुरीतल्या बाईला तीन वर्षं न संपणारी गाडी खरी वाटते असं तुम्हाला वाटतं? माझ्या सासूला आम्ही लपवलेलं सगळं माहीत असायचं, ती फक्त विचारत नसे. रविवारच्या फोनवर कॅमेरा पंखाकडे फिरवा. मामंजींना सांगा, मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादवांनी विमान बांधलं, २०१७ साली त्याची नोंदणी झाली, तसंच हे. कराडची धावपट्टी त्यांनी पाहिलेली असणार, त्यांना समजेल. मित्र गेल्याचंही सांगा, तिसऱ्याकडून कळू देऊ नका.

दिवाळीची तिकिटं काढून टाका, त्यात विचारण्यासारखं काय आहे?

लेकीचं मराठी. तिला गॅरेजमध्ये यादी वाचायला बसवा, मराठीतून. 'कॉटर पिन आहे?' 'आहे.' 'वाकवली?' 'वाकवली.' 'रेघ?' यावर बाबांनी 'आहे' म्हटलं तरी तिने टॉर्च घेऊन बघून यायचं.