डी.फार्म झाल्यावर लायसन्स कसं मिळतं, आणि ते मेडिकलवाल्याला लावायला द्यावं का?

लायसन्सचं आधी सांगते. बारावी सायन्स, फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असलेल्या कॉलेजातून दोन वर्षांचा डिप्लोमा, वर 500 तासांचं ट्रेनिंग आणि मग महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी. तिचं सर्टिफिकेट म्हणजेच आपण म्हणतो ते लायसन्स. 2022 च्या नियमांनी डी.फार्मवाल्यांसाठी एक्झिट परीक्षाही, म्हणजे नोंदणीआधीची परीक्षा, आणली, तीन पेपर, प्रत्येकात 50 टक्के. बी.फार्मला ती नाही.

पण पुढे तुम्ही विचारलंय, ‘दुकान टाकायचं नाही, नोकरी दुसरीकडे करणार, तर सर्टिफिकेट कुणाला लावायला देऊन महिन्याला काही सुटेल का?’ म्हणजे दुकानाच्या कागदावर फार्मासिस्ट म्हणून नाव तुमचं, काउंटरवर दुसराच कुणी. मी लिहायला बसले ती या वाक्यामुळे.

मी तालुक्याच्या गावी मेडिकलमध्ये काउंटरवर असते. एका बाजाराच्या दिवशी साठीतल्या एक मावशी आल्या. ‘तोंड आलंय गं, मलम दे.’ आ करायला लावलं तर जीभ, गाल, ओठ आतून सगळं सोललेलं. नुसतं तोंड येऊन एवढं होत नाही. ‘मावशी, आणखी कसल्या गोळ्या चालू आहेत?’ त्यांनी पिशवीतून सांधेवाताच्या गोळ्या आणि घडी घातलेली चिठ्ठी काढली. मेथोट्रेक्झेट. चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘आठवड्यातून एकदा, सोमवारी’ लिहिलेलं, आणि पाकिटावर दुकानातून बॉलपेनने 1-0-0, म्हणजे रोज सकाळी एक. आठवड्याची गोळी मावशी रोज सकाळी घेत होत्या. हे औषध असं रोज पोटात गेलं की हाडांच्या मगजात रक्त तयार होणं थांबतं, पांढऱ्या पेशी पडतात, माणूस दगावूही शकतो.

मलम दिलं नाही. त्यांच्या मुलाला बोलावलं, डॉक्टरांना मीच फोन केला. त्याच दिवशी त्यांना जिल्ह्याला ॲडमिट केलं, फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं चालू झाली. वाचल्या.

गोळ्या दिल्या त्या दुकानात काउंटरवर एक पोरगा होता, फार्मसीचं काहीही न शिकलेला. भिंतीवर सर्टिफिकेट मात्र फ्रेम करून लावलेलं. ज्याचं होतं तो पुण्यात भलत्याच नोकरीत, इथून महिन्याचे पैसे घेणारा. मी पोराला दोष देत नाही, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. दोष त्या फ्रेममधल्या माणसाचा आणि मालकाचा.

माझं लग्न झालं तेव्हा मोठे दीर मला हेच सांगत होते. ‘अगं, सर्टिफिकेट लावायला मागतायत, दे की. दिवसभर उभं राहून पाय कशाला मोडून घेतेस?’ सासूबाईही त्यांच्याच बाजूने. मी नाही म्हटलं तर म्हणाले, ‘सगळं पाकिटावर छापलेलंच असतं, फार्मासिस्ट करतो तरी काय?’ भाऊजी, फार्मासिस्ट पाकीट चिठ्ठीशी ताडून बघतो. ‘फक्त सोमवारी’ असं मराठीत लिहून त्याला गोल करतो. मग पेशंटकडूनच वदवून घेतो, ‘कधी घ्यायची?’ सोमवार हे उत्तर आलं तरच पिशवी हातात देतो.

कायद्याचंही ऐका. 1945 च्या ड्रग्ज रूल्समधला नियम 65 म्हणतो, चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यायचं. 1948 च्या फार्मसी ॲक्टचं कलम 42 तर इतर कुणी ते द्यायलाच बंदी करतं. पुण्यात बसून साताऱ्यातल्या काउंटरवर देखरेख होत नाही. तेव्हा सर्टिफिकेट लावायला देऊ नका. पैशांची इतकीच गरज असेल तर संध्याकाळची पार्टटाइम नोकरी करा आणि तिथे स्वतः उभे राहा.

सगळेच मालक तसले नसतात, हे लिहायला हवं. माझे मालक मी रजेवर असले की दुसरा फार्मासिस्ट बोलावतात. आणि छोट्या गावात पगार खरंच कमी आहेत, त्यामुळे मोह होतो हे मलाही कळतं. एक्झिट परीक्षा तुम्हाला लागू आहे की नाही ते प्रवेशाच्या वर्षावर आहे, कौन्सिलकडे विचारून घ्या. ट्रेनिंगचे तास मात्र नुसत्या सहीवर काढू नका, जिथे चिठ्ठ्या वाचायला देतील अशाच ठिकाणी करा. आणि कुठलंही मेडिकल सोडताना राजीनाम्याचं पत्र एफडीएला (अन्न व औषध प्रशासनाला) स्वतः द्या, मालकावर सोडू नका. नाहीतर तुम्ही गेल्यावरही ते दुकान तुमच्याच नावावर चालत राहील.