चाहूल लागली म्हणून घाबरू नकोस

पोरी, गेलेल्या आबांच्या खोकल्याचा आवाज आला, तपकिरीचा वास आला, एवढ्यानं आपलं डोकं फिरलंय असं समजू नकोस. वेल्समधल्या डेवी रीस या डॉक्टरांनी २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ साली लिहिलं होतं: जवळपास निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराची कुठल्या ना कुठल्या रूपात चाहूल लागली होती, आणि बहुतेकांनी ते कुणाला सांगितलंही नव्हतं. आपल्याकडं निदान पंचगंगा घाटावर कावळ्याची वाट बघताना चारचौघांत बोलता तरी येतं. (कावळा उशिरा शिवला म्हणून त्यात आबांचा राग शोधू नकोस, त्याचं पोट आधीच भरलेलं असतं कधीकधी.)

कधी, कुठं, काय जाणवलं ते वहीत लिहून ठेव. अर्थ लगेच लावायला जाऊ नकोस. रंकाळ्यावर फिरताना कुणी बरोबर चालतंय असं वाटलं, तर वाटू दे. हट्टानं ओढून आणलेल्या खुणेत मात्र काही दम नसतो, असं माझं मत.

आवाजाची भीती वाटायला लागली, झोप-जेवण सुटलं, तर डॉक्टर गाठ. आणि 'आबांशी बोलणं करून देतो' म्हणत पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठव; जादूटोण्याविरुद्ध २०१३ पासून राज्यात कायदा आहे.