कुंद्याचा पाऊच आतून का सुरकुततो?

प्रश्न : आम्ही घरी कुंदा (दुधाची मिठाई) करून बेळगावच्या दुकानांना देतो. कढईतून काढला की गरम असतानाच चकचकीत पाऊचमध्ये भरून सील मारतो. बाहेरून पाऊच ठणठणीत दिसतो, पण आतला पापुद्रा सुरकुततो, कधी सीलच उघडतं. पाऊचवाला म्हणतो, ‘माल अडीचशे डिग्री सोसतो.’ खोटं बोलतो का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : खोटं नाही हो अक्का, अर्धंच सांगतो. अडीचशे हा वरच्या थराचा आकडा. तो पॉलिएस्टरचा, 250 ते 260 अंशांना वितळणारा. तुमचा कुंदा टेकतो तो आतल्या पॉलिथिनला. ते 110 च्या आसपास वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. बेळगाव उंचावर, इथं पाणी 97-98 अंशांनाच उकळतं; पण कुंद्यातला पाक त्याहून जास्त तापतो, आणि गोळा लवकर निवतही नाही.

आतला थर मुद्दाम लवकर वितळणारा घेतात. नाहीतर सील बसणार कशी? मशीनचा जबडा दाबला की आतली पॉलिथिनं एकजीव होतात, वरचं पॉलिएस्टर जागचं हलत नाही.

रिकाम्या पाऊचचा कोपरा नखांनी चोळून बघा. थर सुटले तर वरचा ताठ, कुरकुरणारा निघेल, बहुतेक 12 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा). आतला दुधाच्या पिशवीसारखा ताणला जाईल. चकाकी ॲल्युमिनियमची, एका मायक्रॉनच्या विसाव्या हिश्श्याइतकी पातळ. तापल्यावर पॉलिथिन पॉलिएस्टरच्या कितीतरी पट पसरतं; पसरायला जागा नाही, म्हणून सुरकुततं. थर चिकटवणारा डिंक नीट पिकायच्या, म्हणजे पक्का घट्ट व्हायच्या आधीच पाऊच कापले असतील, तर थर सुटतातही.

कुंदा परातीत पसरून निववा, मगच भरा. गरम भरलात तर आत घाम धरतो आणि बुरशी येते, ते वेगळंच. तोंडाला तूप लागलं तर सील धरत नाही. भरताना तोंड बाहेर दुमडून घ्या. गोकाकच्या करदंटवाल्यांना ही कटकट नाही, वड्या गार झाल्यावरच पाकिटात जातात.

गरमच भरायचा हट्ट असेल तर आतून कास्ट पॉलिप्रॉपिलीनचा पाऊच मागा. ते 160 च्या आसपास वितळतं; 121 अंशांवर शिजवून टिकवायच्या पाकिटांनाही आतून तेच असतं. सीलचं मशीन मात्र जास्त तापवावं लागेल. आणि आतला थर कशाचा, किती मायक्रॉनचा, हे पाऊचवाल्याकडून बिलावर लिहून घ्या.