बाहुलीवर हात बसवून काय होणार?

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झाली आहे. दीड वर्षापासून एका खासगी रुग्णालयात आयसीयूला आहे. गेल्या महिन्यात नाइटला तिचा पेशंट अचानक अरेस्टमध्ये गेला, म्हणजे हृदयच थांबलं. कोड ब्लू, म्हणजे सगळ्यांनी धावून यायचा इशारा झाला, पण हिला क्रॅश कार्टचा (तातडीच्या औषध-साहित्याच्या ट्रॉलीचा) ड्रॉवरच सापडेना. सिनिअर सिस्टरने तिला बाजूला केलं. तेव्हापासून ती गप्प असते. आता रुग्णालयाने तीन दिवसांचं सिम्युलेशन ट्रेनिंग ठेवलंय, ते म्हणे बाहुल्यांवर! ही म्हणते, सगळ्यांसमोर परत लाज जाईल. मी जुना गोविंदा, खालच्या थराचा. अंगावर पडल्याशिवाय काही येत नाही हे मला ठाऊक आहे. खरे पेशंट सांभाळणारी मुलगी बाहुलीवर काय शिकणार? त्यापेक्षा तिने आयसीयू सोडून विमा कंपनीतली क्लेम तपासायची नोकरी धरावी का?
– एक वडील, लालबाग

उत्तर :
नमस्कार. तुमच्या पत्रातलं गोविंदाचं वाक्य मी दोनदा वाचलं. अंगावर पडल्याशिवाय येत नाही, हे खरंच. पण मग गुरुपौर्णिमेपासून रोज रात्री मैदानात थर कशाला लावायचात? हंडीच्या दिवशीच अंगावर घ्यायचं होतं! सरावात कोण कुठे डगमगतो, कोणाचा खांदा सुटतो, हे कळतं. पडलात तरी झेलायला माणसं असतात. तुमच्या मुलीला थेट हंडीला उभं केलं गेलं, एवढंच झालंय.

आयसीयूतल्या नर्सचं रोजचं काम आणि कोड ब्लू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप, तासातासाच्या नोंदी हे सगळं ती रोज करते, त्यामुळे तिथे हात बसलेला असतो. अरेस्ट मात्र तिच्याच ड्यूटीत, तिच्याच बेडवर किती वेळा होणार? झाला तरी पुढे सिनिअर असतात, ज्युनिअर ट्रॉली ढकलते. म्हणजे जे सगळ्यात अचूक यायला हवं, त्याचाच सराव सगळ्यात कमी.

बाहुलीची एक गंमत सांगतो. 1960 मध्ये सीपीआर (छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवणं) शिकवण्यासाठी ‘रेससी ॲन’ नावाची पहिली बाहुली आली. ती बनवणारे नॉर्वेचे ऑसमुंड लार्दाल मूळचे खेळणी करणारेच! आजचा मॅनिकिन, म्हणजे ही सरावाची बाहुली, मात्र श्वास घेतो, त्याची नाडी लागते, बाहुल्या लहानमोठ्या होतात (डोळ्यांतल्या!), आणि शेजारच्या खोलीतून प्रशिक्षक त्याचं बीपी पाडत असतो. छातीवरचा दाब किती खोल गेला हेही बरेच मॅनिकिन दाखवतात. 5 ते 6 सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. मी एकदा करून पाहिलं. दोन मिनिटं व्हायच्या आत माझा दम निघाला. दर दोन मिनिटांनी दाब देणारा बदलायचा हा नियम का आहे, ते तेव्हा हातांनीच समजलं.

पण दाब देणं हा त्यातला सोपा भाग. खरा गोंधळ होतो तो बोलण्यात. डॉक्टर हवेत ओरडतात, “ॲड्रेनालिन द्या!” तिघी धावतात आणि कोणीच देत नाही, नाहीतर दोघी देतात. म्हणून तिथे नावाने सांगायचं, ऐकणारीने मोठ्याने परत म्हणायचं, आणि देऊन झाल्यावर “1 मिलिग्रॅम दिलं” असं वेळेसकट पुकारायचं, हे घोटून घेतात. एका नर्सकडे फक्त घड्याळ आणि नोंद असते. शॉक कधी द्यायचा हेही तिथेच पक्कं होतं. सिनेमात मॉनिटरवर सरळ रेषा आली की शॉक देतात, प्रत्यक्षात त्या रेषेला शॉक देत नाहीत. आणि ड्रॉवर न सापडणं! कार्टच्या कुठल्या कप्प्यात काय आहे हे डोळे मिटून सांगता येईपर्यंत तो उघडायचा असतो. हा स्वभावाचा दोष नाही.

लाजेचं म्हणाल तर प्रसंग दहा मिनिटांचा असतो, त्यानंतरची चर्चा बहुधा त्याहून लांब चालते. तिला डिब्रीफिंग म्हणतात. “तू चुकलीस” ऐवजी “त्या क्षणी तुला काय दिसत होतं?” असं विचारणारा प्रशिक्षक चांगला. सगळेच तसे नसतात. डिब्रीफिंगच नसेल तर ते ट्रेनिंग म्हणजे चहा-बिस्किटं आणि ग्रुप फोटो. आणि तीन दिवसांत हात बसला तरी काही महिन्यांत तो सुटायला लागतो. वॉर्डातच अधूनमधून पंधरा मिनिटांचा मॉक कोड (खोटा कोड ब्लू) घ्या, असं तिने इन्चार्जना जरूर सुचवावं.

क्लेमची नोकरी वाईट नाही. नाइट नसते, रविवार मिळतो. पण घाबरून तिकडे गेली तर दोन वर्षांनी आयसीयूत परतणं जड जाईल. निर्णय ट्रेनिंगनंतर घ्या.

पुढचं थोडक्यात. बीएलएस (जीव वाचवण्याचं प्राथमिक प्रशिक्षण) आणि एसीएलएस (हृदयाच्या आणीबाणीचं पुढचं प्रशिक्षण) ही कार्डं तिने काढावीत. अमेरिकन हार्ट असोसिएशनची कार्डं दोन वर्षं चालतात, मग नूतनीकरण. खर्च रुग्णालय देतं का ते आधी विचारा, आणि देत असेल तर त्याबदल्यात बॉण्डवर सही मागतात का, तेही. आयसीयूतच रमली तर इंडियन नर्सिंग कौन्सिलने आखलेला क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमाही आहे. प्रवेशाआधी संस्थेची मान्यता कौन्सिलकडे तपासा, जाहिरातीवर जाऊ नका. शिकवायची आवड असेल तर सिम्युलेशन प्रशिक्षक हीही वाट आहे. 2021 च्या नव्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात सिम्युलेशनला जागा मिळाली आहे, तेव्हा कॉलेजांना ते शिकवणाऱ्या नर्स लागणारच.

आणि एक. ट्रेनिंगच्या आदल्या रात्री नाइट लावू नका, हे तिने इन्चार्जना आत्ताच सांगून ठेवावं. रात्रभर जागून आलेलीला बाहुलीसुद्धा दमवते.