पावेल खरंच मेला होता का?

प्रश्न : दक्षिण आफ्रिकी लेखक जे. एम. कुट्सी यांची ‘द मास्टर ऑफ पीटर्सबर्ग’ ही कादंबरी वाचली. १८६९ च्या ऑक्टोबरात सावत्र मुलगा पावेल गेल्याचं कळून रशियन कादंबरीकार दोस्तोव्हस्की जर्मनीतल्या ड्रेस्डेनहून पीटर्सबर्गला येतात, अशी तिची सुरुवात आहे. पण दोस्तोव्हस्कींच्या पत्नीच्या, अ‍ॅनाच्या आठवणींत हाच पावेल पुढेही भेटतो. खऱ्या माणसाला असं मारून टाकायचा हक्क लेखकाला आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचलीत, याचा फार आनंद झाला. तुमची शंका रास्त आहे. १८८१ मध्ये दोस्तोव्हस्की वारले, तेव्हाही पावेल हयात होता. आणि त्या ऑक्टोबरात दोस्तोव्हस्की पीटर्सबर्गला गेलेच नव्हते. कर्जाच्या तगाद्यामुळे १८६७ मध्ये त्यांनी रशिया सोडला, ते १८७१ मध्ये परतले. १८६९ च्या सप्टेंबरात तर ड्रेस्डेनला त्यांच्या मुलीचा, ल्युबोव्हचा जन्म झाला होता.

कुट्सींच्या कादंबरीतला क्रांतिकारक नेचायेव्ह मात्र खरा. त्याच वर्षाअखेरीस मॉस्कोत त्याच्या गटाने इव्हानोव्ह या विद्यार्थ्याचा खून केला आणि त्यातून दोस्तोव्हस्कींची ‘डेमन्स’ ही कादंबरी उभी राहिली.

मग पावेलला का मारलं? कुट्सींचा मुलगा निकोलस १९८९ मध्ये उंचावरून पडून गेला, ऐन तारुण्यात. कादंबरी आली १९९४ मध्ये, आणि तिच्यातला पावेलही उंचावरूनच पडतो. हा योगायोग आहे असं मी मानत नाही. सुरुवातीलाच बाप मुलाच्या खोलीत त्याचा पांढरा सूट बाहेर काढतो, तोंडाशी धरतो, मुलाचा वास शोधतो. ते पान मी अजूनही सलग वाचू शकत नाही, मध्ये थांबावंच लागतं.

हक्काचं म्हणाल, तर माझं उत्तर ‘हो’ आहे, कारण इथे लेखकाने स्वतःला सोडलेलं नाही. शेवटच्या प्रकरणात हाच शोकाकुल बाप मुलाच्या डायरीच्या कोऱ्या पानांवर लिहायला बसतो. मुलाचं मरणही लेखनाच्या कामी लावतो. इतका कठोर आरोप करायचा, तर जिवंत पावेल पुरला नसता. नुसत्या सनसनाटीसाठी कुणी असा फेरफार केला असता, तर मी तुमच्या बाजूने भांडलो असतो. तरी पुस्तकाच्या शेवटी खरं काय ते चार ओळींत सांगायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

आता ‘डेमन्स’ घ्या. मात्र प्रत निवडताना तिच्या नायकाच्या, स्तावरोगिनच्या कबुलीजबाबाचं प्रकरण तिच्यात आहे ना, ते बघा. मासिकाच्या संपादकाने ते नाकारलं होतं, छापून आलं थेट १९२२ मध्ये. कुट्सींच्या कादंबरीतली घरमालकिणीची मुलगी मात्र्योना कुठून आली, ते तिथे कळेल.