गडगा पडला, आता चिऱ्याची भिंत घालू का?

प्रश्न : गुहागर तालुक्यात आमचं घर आणि भोवती साडेसहा गुंठे आगर (झाडांची बाग) आहे. मी डोंबिवलीला असतो, गावी जाणं गणपतीत आणि मे महिन्यात. गेल्या पावसात पश्चिमेचा जुना गडगा (नुसते दगड रचून केलेलं कुंपण) चाळीसेक फूट ढासळला. तिथं चिऱ्याची पाच फुटी भिंत घालून वर काटेरी तार ओढायची असं ठरवलं. पाया खणायला माणसं लावली, तर शेजारी (भावकीतलेच, पण हिस्सा वेगळा) म्हणतात, "गडगा मुळातच आमच्यात दोन हात शिरलेला होता, आता मागे सरकून बांध." त्यांची विहिरीकडची वाटही आमच्या आगरातून जाते, ती अडवायची नाही असा दम आहे. वाट आजोबांच्या वेळेपासूनची, हे मात्र खरं. ठेकेदार म्हणतो, माकडं-डुकरांसाठी तारेत करंट सोडू. सातबारा वडील आणि दोन काकांच्या नावावर आहे. काय करावं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पाया खणणारी माणसं आधी घरी पाठवा. तुम्ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट पत्राच्या शेवटी लिहिली आहे. सातबारा तिघांच्या नावावर असेल आणि वाटप झालेलं नसेल, तर त्या साडेसहा गुंठ्यांतल्या प्रत्येक फुटावर तिघांचाही हक्क आहे. राखण होत असेल तर काका सहसा नाही म्हणत नाहीत. पण उद्या एकानं जरी हात वर केले, तर पैसे तुमचे गेले. दोघांकडून साध्या कागदावर संमती घ्या, फोनवरचं "हो रे, बांध" पुरेसं नाही. मोजणीच्या अर्जालाही सहधारकांच्या सह्या लागतील. तिघांपैकी कुणी हयात नसेल तर त्याआधी वारस नोंद.

आता गडग्याकडे येऊ. मी भूमी अभिलेख खात्यात ३१ वर्षं मोजण्या केल्या, बहुतेक कोकणातच. गडगा म्हणजेच हद्द, असं मला शपथेवर सांगणारे लोक शेकड्यानं भेटले. पण गडगा घातला कुणी? पणजोबांनी, हाताशी येतील ते दगड रचून. मधे फणसाचं मूळ आलं की वळसा. हद्द असते ती कचेरीतल्या टिपणात (जुन्या मोजणीच्या नोंदीत) आणि हिस्सा नकाशात. ती जुनी मोजणी साखळीनं झालेली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. तुमचे भाऊबंद ज्या दोन हातांवर अडून बसले आहेत, ते तीन फूट साखळीच्या हिशेबात दीड आणाही भरत नाहीत. एवढा फरक नुसत्या नजरेनं सांगणारा माणूस मला नोकरीत भेटला नाही. गावात मात्र दर वाडीला एक भेटला.

म्हणून तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. ऑनलाइनही होतो. पावसात भात उभं असताना किंवा आगरात गुडघाभर रान माजलेलं असताना मोजणी नीट होत नाही, तेव्हा दिवाळीनंतरची तारीख बघा आणि आदल्या दिवशी हद्दीवरची झाडी बेणून ठेवा. लगतच्या धारकांना कार्यालयाची नोटीस जाते. तरी तुम्ही स्वतः जाऊन बोलावून आणा. ज्या मोजणीला शेजारी हजर असतो, तिच्यावर तो नंतर फारसा भांडत नाही, हा माझा अनुभव. आता साखळीऐवजी रोव्हर (उपग्रहाच्या मदतीनं जागा टिपणारं यंत्र) असतो, काम झटपट उरकतं. भूकरमापक निघण्याआधी त्यानं दाखवलेल्या खुणांवर दगड पुरून घ्या, सगळ्यांना उभं करून फोटो काढा. मोजणी नकाशाची 'क' प्रत (अर्जदाराला मिळते ती) मागून घ्यायला विसरू नका. निकाल कुणाला पटला नाही तर निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते, ती वरचा अधिकारी करतो.

इथवर सगळे ऐकतात. खरी चूक होते ती मोजणीनंतर. भूकरमापक हद्द दाखवतो, ताबा देत नाही. समजा, मोजणीत निघालं की जुना गडगाच तुमच्या हद्दीच्या दोन फूट आत होता आणि ती पट्टी इतकी वर्षं शेजारी वापरतोय. 'क' प्रत खिशात घालून दुसऱ्या दिवशी त्या रेषेवर पाया खणलात तर तुम्ही अडचणीत. शेजारी म्हणेल, बारा वर्षांहून अधिक काळ उघडपणे, मालक म्हणून माझा कब्जा आहे. १९६३च्या मुदत कायद्यातला तो बचाव कोर्टात टिकेल की नाही ही पुढची गोष्ट. पण ताब्यातली जागा तुम्ही जबरदस्तीनं घेतलीत, तर विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांत दावा लावू शकतो, आणि त्यात मालक कोण हा प्रश्नच विचारला जात नाही. फक्त ताबा कुणाचा होता एवढंच बघतात. तुमच्या बाबतीत उलटंही होऊ शकतं : भाऊबंद खरे ठरतील आणि हाच बचाव तुमच्याकडे असेल. दोन्ही बाजूंना दावा लावण्याचं हत्यार आहे, म्हणूनच बसून बोलायला वाव आहे. नवी भिंत नेमकी कुठल्या रेषेवर, ते लिहून दोघांनी सह्या करा. जागेची अदलाबदल होणार असेल तर मात्र नोंदणीकृत दस्त लागेल. भिंत तुमच्या खर्चाची असेल तर पायासकट तुमच्या बाजूला ठेवा. मी पाहिलेल्या निम्म्या तक्रारींत भिंत जागेवर होती, पण पाया सहा इंच पलीकडे गेलेला होता.

वाटेबद्दल तुमचे भाऊबंद बरोबर आहेत, हे तुम्हाला आवडणार नाही. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे २० वर्षं उघडपणे, शांतपणे, न अडता, हक्क म्हणून वापरलेली वाट हा हक्कच होतो, आणि आजोबांपासूनची आहे हे तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. ती अडवलीत तर १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, तिथं दिवाणी कोर्टापेक्षा निकाल लवकर लागतो. सरळ वाटेवर बेडं (आडव्या दांड्यांचं साधं फाटक) ठेवा. गुरांसाठी आडणा (आडवा दांडा) घाला, कुलूप नको.

पाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो. जुन्या गडग्याच्या दगडांतून पाणी झिरपून जायचं. सिमेंटच्या भिंतीतून जाणार नाही. वरच्या जमिनीवर पडलेलं पावसाचं पाणी उतारानं खालच्या जमिनीत वाहू देण्याचा हक्क वरच्या मालकाला कायद्यानं आहे. शेजारी वरच्या अंगाला असेल आणि त्याच्या माडांच्या बुंध्याशी पाणी तुंबलं, तर तो ते पाणी तुमच्यावरच फिरवेल, कागदावर आणि प्रत्यक्षातही. पायाच्या वरच दर सात-आठ फुटांवर मोऱ्या सोडा. भिंतही वाचेल.

करंट अजिबात नको. घरातली लाइन तारेत सोडणं हा गुन्हाच आहे, आणि पहाटे विहिरीवर निघालेली त्याच भावकीतली बाई त्या तारेला चिकटली तर ठेकेदार नव्हे, तुम्ही आत जाल. गवा किंवा बिबट्या मेला तर १९७२चा वन्यजीव कायदा आहेच. बॅटरीवरचं झटका मशीन वेगळं, त्यात क्षणभराचा ठोका बसतो. पण तेही माणसांच्या वाटेला लागून नको, आणि पाटी लावूनच. माकडांचं म्हणाल तर ती तुमच्या तारेकडे न बघता माडावरून येतात.

बांधकामाआधी ग्रामपंचायतीची परवानगी घ्या. भिंत रस्त्याला लागून असेल तर रस्ता कुणाच्या ताब्यात आहे ते तिथंच विचारा.

प्रश्न : नगरपालिका हद्दीत आमचा कोपऱ्यावरचा प्लॉट आहे. चोरांमुळे सात फुटी पक्की भिंत हवी आहे. फाटक बाहेर उघडलं तर गाडीला जागा मिळते. चालेल?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : दोन्ही चालणार नाही. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीत कुंपणभिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्याच्या पातळीपासून जास्तीत जास्त १.५ मीटर, म्हणजे साधारण पाच फूट. २.४ मीटरपर्यंत जाता येतं, पण वरचा ०.९ मीटर जाळीचा किंवा गजांचा हवा. कोपऱ्यावर आणखी अट आहे : वळणापाशी दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत पक्की भिंत फक्त ०.७५ मीटर, वर गज लावा. वळणारी गाडी आणि सायकलवरचं पोर एकमेकांना दिसायला हवीत. फाटकाची झडप पूर्णपणे आतच उघडली पाहिजे. आत जागा नसेल तर भिंतीला समांतर सरकणारं फाटक करून घ्या, तेवढी भिंत तुमच्याकडे आहेच.