परदेशातलं जुनं शेतघर घेतलंय? आधी एक हिवाळा तिथे राहा

किल्ल्या हातात आल्या की लगेच भिंती फोडायला घेऊ नका. एक अख्खा हिवाळा तिथे काढा. पाणी कुठून झिरपतं, ऊन कुठल्या खोलीत पोचतं, वारा कुठून घुसतो, हे राहिल्याशिवाय कळत नाही.

पैसा आधी छपरावर, पन्हळींवर आणि पाण्याच्या निचऱ्यावर घाला. स्वयंपाकघर थांबू शकतं.

आणि चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नका, हे अगदी कळकळीने सांगते. भिंतीत शिरलेली ओल चुन्यातून हळूहळू सुकते. सिमेंट तिला कोंडतं आणि मग तुळयांची भिंतीतली टोकं कुजू लागतात. मी पहिल्याच वर्षी घाईत एक भिंत सिमेंटने लिंपली होती. ती खरवडताना दगडांचे टवके निघाले, त्याचं दुःख अजून आहे. चुन्याचं काम थंडीआधी उरका. पारा 5 अंशांखाली गेला की चुना नीट धरत नाही. बाहेरची माती आतल्या जमिनीच्या वर चढली असेल तर उपसून काढा. पुष्कळदा ओल तिथूनच येते.

कागद मात्र खरेदीआधीच तपासा: वाटेचा आणि विहिरीचा हक्क, सांडपाण्याची टाकी, इमारत संरक्षित आहे का. घर घेतलं म्हणजे राहण्याचा परवाना मिळाला, असं बहुतेक ठिकाणी नसतं.

भाषा आजपासून शिका, मोडकीतोडकी का होईना. गावातला जुना गवंडी तुमच्या भिंती ओळखतो. त्याच्याशी दुभाष्याविना बोलता आलं पाहिजे.